ओहोटीला पाहिलेले शेत

धर्माने खाडी हटवून खार बांधला. धर्माचा मुलगा बाळाजी. त्याने त्या खारातल्या आपल्या पाच एकरांवर तांबडा राता भात पिकवला आणि एका श्रावणात ते पाचही एकर घालवून बसला. बाळाजीचा शिवदास, त्याने त्या गेलेल्या जमिनीत नांगर कधी घातला नाही, पण तिचा सारा एकही साल चुकवला नाही. आणि शिवदासाची कमळ. धाकटा खार या त्यांच्या गावात मॅट्रिकच्या पुढे गेलेले माणूस तोवर एकही नव्हते. जे पहिले निघाले ती मुलगी निघाली, याचा गावाला अभिमान होता, आणि या अभिमानाचे नेमके काय करायचे हे न कळल्यामुळे थोडी पंचाईतही होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. कमळ अलिबागेला मामाकडे राहून कॉलेजात जाऊ लागली होती. पण तिचे नाव हजेरीपटावर पेन्सिलीने लिहिलेले होते. सरकारची फीमाफी मिळाली तर ते शाईने लिहिले जाणार होते. त्यासाठी बापाच्या उत्पन्नाचा दाखला अर्जाला जोडून तीन ऑगस्टच्या आत द्यायचा होता. तलाठ्याने दाखला दिला, कमळने तो उघडूनही न बघता नेऊन दिला, आणि कॉलेजच्या कारकुनाने तो वाचून खिडकीतून परत सरकवला.

"बाई, तुम्ही तर जमीनदार आहात."

"कोण? आम्ही?"

"मिठागराची मजुरी एक, आणि पाच एकर भातशेती दोन. मर्यादेच्या वर एकशेचाळीस रुपये जाता तुम्ही. सरकारने माफी गरिबांना ठेवली आहे."

मागे उभ्या असलेल्या मुली हसल्या. कमळने दाखला घडी करून पोलक्यात ठेवला. त्या शनिवारी मोटारीतून उतरल्यापासून घरापर्यंतची दोन मैलांची वाट ती कशी चालली हे तिलाही सांगता आले नसते. अंगणात पाय ठेवताच तिने विचारले, "बाबा, आपलं पाच एकर भात कुठे पिकतं?"

शिवदास ओटीवर बसून टोपलीचा तुटलेला काठ वळत होता. तिची आई ठमी आतून म्हणाली, "खाडीत पिकतं. दर माघात सारा भरून येतात ना, त्याचं पीक."

गावाला हे सर्व ठाऊक होते; कमळलाही निम्मे ठाऊक होते. बांधाच्या बाहेर, चिखलात आणि खारफुटीत, त्यांचे एक शेत गेलेले आहे, एवढे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण तेच शेत सरकारी कागदावर अजून हिरवेगार उभे आहे, दर साल त्याच्यापुढे 'भात' असा शब्द पडतो, आणि सारा वेळेवर येतो म्हणून कोणी तलाठी ते बघायलाही आलेला नाही, हे तिला त्या दिवशी कळले.

"मग सांगा ना तलाठ्याला, की ते बुडलंय."

"बाळाजीची नात सरकारदारी नादार म्हनून उभी राहनार?"

"बाळाजीची नात घरी बसनार, ते चालंल तुमाला," ठमी म्हणाली. "बसवा मग. चूल मोठी हाय आपली."

शिवदासाने टोपली खाली ठेवली. बायकोपुढे त्याचे फारसे चालत नसे, आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिल्यावर तर मुळीच चालले नाही. दुसऱ्याच दिवशी तो तलाठ्याच्या सज्यावर जाऊन त्याला शेत पाहायला येण्याचे आमंत्रण देऊन आला.

येथे एक चूक झाली, आणि ती खाऱ्या पाण्याकाठची माणसेच करू शकतात. धाकट्या खारात पाहुण्याला बोलवायचे तर ओहोटीची वेळ पाहून बोलवतात. सडकेपासून गावात येणारी पायवाट उधाणाला पाण्याखाली जाते. पाहुण्याचे पाय भिजू नयेत, धोतराला चिखल लागू नये, म्हणून तिथी पाहून निरोप धाडायचा ही तिथली रीत. शिवदासाने हात जोडून सांगितले, "भाऊसाहेब, मंगळवारी अष्टमी हाय, दुपारच्याला या. पानी पार लांब असतं. बूटसुदिक भिजाचा न्हाय." आणि ठमीने त्यांच्यासाठी कोंबडी राखून ठेवली. कमळसुद्धा कॉलेज बुडवून थांबली, पण तिच्याही हे ध्यानात आले नाही. रीतच तशी होती; रीतीला कोण प्रश्न विचारतो?

तलाठी भाऊसाहेब नागावचे, नारळी-सुपारीच्या वाडीतले. गोड्या मातीत वाढलेला माणूस. तो कोरड्या बुटांनी बांधावर आला, छत्री मिटली आणि समोर पाहिले. पाणी कोठेच नव्हते. लांबवर ओल्या जमिनीवर खारे गवत हिरवे दिसत होते, मधून मधून तिवराची झुडपे होती आणि गावातल्या दोन शेळ्या त्यात चरत होत्या.

"ही जमीन?"

"व्हय."

"अहो, मग जमीन तर आहे!" भाऊसाहेब म्हणाले. "मला वाटलं समुद्र दाखवताय. तुम्ही पेरीत नाही, तर तो तुमचा आळस. त्याची माफी सरकार कशी देणार?"

"भाऊसाहेब, येथे भरतीला पाणी येतं," कमळ म्हणाली.

"पाणी आमच्या नागावातही येतं, मुली. येतं आणि जातं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. कोंबडी मात्र जेवून गेले.

ते गेल्यावर कमळ बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. खाली आतल्या बाजूला गावाची आवणे लावून झाली होती; गुडघाभर पाण्यात रोपे सरळ रांगांत उभी होती. बाहेरच्या बाजूला ते दोन शेळ्यांचे शेत. मध्ये एक मातीचा बांध, सात हात रुंद. आणि तीन ऑगस्टला उरले होते दहा दिवस.

"अवसेला बोलवायला हवं त्यांना," ती घरी येऊन म्हणाली. "भर दुपारी, पुऱ्या उधाणाला. अवस पुढच्या मंगळवारीच आहे. बाबा, तुम्ही पुन्हा जा."

"मी न्हाय जानार."

"का?"

या वेळी शिवदासाने टाळले नाही. त्याने आढ्याला टांगलेली बांबूची नळी काढली आणि तिच्यातून साऱ्याच्या पावत्या बाहेर ओतल्या. पंचवीस-सव्वीस होत्या, वरच्या पिवळ्या, बाळाजीच्या अंगठ्याच्या.

मग त्याने जे सांगितले ते असे. छत्तीस सालच्या श्रावणात उधाणाने मोठ्या बांधाला खांड पाडली. पुढचे उधाण पंधरा दिवसांवर होते; त्याच्या आत खांड भरली नाही तर सगळा खार खारट होणार, चाळीस घरांचे भात जाणार. गावात जोळ होता, म्हणजे बांधाची राखण करणारी सर्व घरांची मंडळी. जोळाने ठरवले की जुन्या जागी बांध धरत नाही, तो आत घ्यायचा. आत घ्यायचा तर बाळाजीचे शेत बाहेर राहत होते. आणि जवळ घट्ट माती होती तीही त्याच्याच शेतात. जोळाचा पुढारी हरेश्वर बाळाजीच्या शेतात उतरला, मूठभर माती हातात घेतली आणि चाळीस घरांसमोर म्हणाला, "बाळाजी, ही माती उसनी. ज्या टोपल्यांनी नेतो त्याच टोपल्यांनी परत आणून तुझ्या शेताला बांध घालून देऊ." बाळाजी म्हणाला, "न्या." नऊ दिवसांत त्याचे शेत खणून रिकामे केले. गाव वाचले.

"पुढच्या सालाला हरेश्वर वारला. मग लढाई आली, धान्याची टंचाई आली. बाबानं मागितलं न्हाय. मरताना एवढंच सांगितलं का सारा भरत राहा. शेत कागदावर हाय तवर देनं हाय. शेत बुडलं म्हनून मीच लिवून दिलं, तर जोळ म्हनेल, समुद्रानं नेलं, आमी काय लागतो?" त्याने पावत्या पुन्हा नळीत भरल्या. "मग माझ्या हातात काय राहिलं, पोरी?"

कमळला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे समजत नव्हते. आज्याने आणि बापाने मिळून सव्वीस वर्षे एका शब्दाची राखण केली होती, आणि तीच राखण आता तिच्या रस्त्याच्या आड येत होती.

ती दिनानाथाकडे गेली. हरेश्वराचा हा मुलगा. बापामागे जोळाचा पुढारी तोच. पन्नाशीचा, जाडजूड, खोकल्याने हैराण. तो अंगणात विळा घासत बसला होता.

"नाना, अवसेला तलाठी येतील. पंच म्हणून तुम्ही बांधावर याल? शेत पाण्याखाली आहे एवढं सांगायचं आहे."

"येईन की. पानी हाय तर हाय म्हनेन."

"आणि ते पाण्याखाली का गेलं, तेही सांगाल?"

विळा थांबला. "तुझ्या बापानं शिकवून धाडली?"

"बाबांना माहीत नाही मी येथे आले आहे."

"मग जा घरी. कालेजात जाऊन फार प्रस्न विचाराया लागलीस." तो पुन्हा विळा घासू लागला, पण दगडावर त्याची धार धड बसत नव्हती, हे तिने पाहिले.

सज्यावर कमळ स्वतःच गेली. भाऊसाहेब प्रथम ऐकेनात. तेव्हा तिने शाळेत भाषण करतात तशा भाषेत त्यांना सांगितले की, आपण अष्टमीला जे पाहिले ते खोटे नव्हते, पण ते महिन्यातल्या चार दिवसांचे खरे होते; उरलेल्या दिवसांचेही आपण एकदा पाहावे; आणि कोंबडी दुसरी आहे. भाऊसाहेब हसले. "बारा वाजता येतो," म्हणाले.

दिव्यांच्या अवसेला ठमीने घरातले पितळी दिवे चिंचेने घासून पाटावर मांडले. कमळचे त्यात लक्ष नव्हते. ती साडेअकरापासून सडकेच्या कडेला होडी लावून बसली होती. पायवाट केव्हाच बुडाली होती. बारा वाजले. सव्वाबाराला पाणी पुरे भरले आणि थांबले. खाडी अशी क्षणभर थांबते तेव्हा तिच्यावर सुरकुतीही दिसत नाही. भाऊसाहेबांचा पत्ता नव्हता. कमळने काठाच्या चिखलात एक काडी रोवली. थोड्या वेळाने पाहिले तर काडी आणि पाणी यांच्यात बोटभर जमीन उघडी पडली होती. मग दोन बोटे. ती उठे, सडकेकडे बघे, पुन्हा काडीकडे येई. पुढची पौर्णिमा ऑगस्टच्या मध्यावर. तेव्हा तिचे नाव कोणत्याही शाईने लिहिले जाणार नव्हते.

पाऊण वाजता सायकल हातात धरून, घामाघूम होत भाऊसाहेब आले. "पंक्चर," ते म्हणाले.

"चढा लवकर."

"ह्यात?"

"वाट बुडाली आहे. आज गावात सगळे ह्यातूनच येतात."

ते दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून बसले. मेणकापडात गुंडाळलेले दप्तर मांडीवर होते. कमळने बांबू टेकवून होडी ढकलली. चहूकडे मातकट, भरलेले पाणी. फक्त तिवरांचे शेंडे वर होते.

"गाव किती लांब आहे अजून?"

"हे शेत ओलांडलं की आलंच."

"कसलं शेत?"

"आमचं." तिने होडी थांबवली. "सर्व्हे नंबर एकशेबारा. आपण आत्ता त्याच्या मधोमध आहोत, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. कमळने बांबू सरळ खाली सोडला, तळाला टेकवला आणि वर ओढून त्यांच्यासमोर उभा धरला. तो तिच्या छातीपर्यंत ओला होता.

"गेल्या मंगळवारी आपण 'जमीन तर आहे' म्हणालात ती जागा त्या शेंड्यापाशी. आता तिथे बोईट मासा उडतोय, दिसतो?"

"मुली, होडी हलवू नकोस. मला पोहता येत नाही."

"हलवत नाही. तुम्ही सावकाश बघून घ्या."

"बघितलं," भाऊसाहेब म्हणाले. "आमच्या वाडीच्या विहिरीलासुद्धा उन्हाळ्यात एवढं पाणी नसतं. बघितलं, बाई, आता चल."

बांधावर शिवदास उभा होता. दिनानाथ आणि आणखी चौघे जण होते. भाऊसाहेब बांधावर चढून बसले, श्वास घेतला, दप्तर उघडले.

"नाव जात नाही, शिवदास. मालक तुम्हीच राहता. पिकाच्या रकान्यात भाताऐवजी 'खाऱ्या पाण्याखाली, पड' असं येईल. दाखला त्याप्रमाणे बदलेल. पण कारण लिहावं लागतं आणि पंचांच्या सह्या लागतात. जमीन पाण्याखाली कशाने गेली?"

शिवदासाने कमळकडे पाहिले. ती ओल्या लुगड्यात उभी होती, बांबू अजून हातातच होता. त्याने एकदा त्या भरलेल्या पाण्याकडेही पाहिले.

"समुद्रानं नेली," तो म्हणाला. "लिवा तसंच."

कमळला एकदम वाटले की त्याला थांबवावे. तीन ऑगस्ट, हजेरीपट, खिडकीतला कारकून, सगळे एका बाजूला ठेवून थांबवावे. पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत भाऊसाहेबांचा टाक कागदाला लागला होता.

"थांबा, भाऊसाहेब." दिनानाथ पुढे आला. "खोटं लिवू नका."

"खोटं काय त्यात? पाणी मी डोळ्यांनी पाहिलं."

"पानी खरं हाय. समुद्रानं नेली ते खोटं. आमी नेली. हा बांध ज्यावर तुमी बसलाव, तो त्या शेताच्या मातीचा हाय. मी पंचवीस वर्साचा होतो. मी स्वता टोपल्या उचलल्या. माझ्या बापानं माती उसनी म्हनून घेतली, आन् परत दिली न्हाय. तो मेला, मग मी पुढारी झालो. बाळाजीनं मागितली न्हाय, ह्या शिवदासनं मागितली न्हाय, म्हनून मी पन वर बघितलं न्हाय." त्याला खोकला आला; तो जाईपर्यंत सगळे थांबले. "लिवा, जोळानं नेली. जोळ देनं लागतो."

"नाना, हे सरकारी दप्तरात आलं की पुसता येत नाही हां."

"म्हनून तर सांगतोय. तोंडचं पुसलं गेलं होतं."

चौघांपैकी एकजण कुरकुरला, "जोळाला इचारलं का?" दिनानाथ त्याच्याकडे वळला. "तुझं भात उभं हाय ना ह्या बांधाआड? मग अंगठा कर."

चार अंगठे उमटले. दिनानाथाला सही येत होती. ती त्याने मुलाने पाटीवर काढावी तशी, एकेक अक्षर दाबून केली.

शुक्रवारी, तीन तारखेला, कमळने नवा दाखला खिडकीतून आत दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला.

"पाच एकर कुठे गेले, बाई?"

"उधाणाला या आमच्याकडे," कमळ म्हणाली. "होडीतून दाखवीन."

हजेरीपटावरचे पेन्सिलीचे नाव त्याने खोडरबराने पुसले आणि त्याच जागी शाईने लिहिले. ते लिहून होईपर्यंत ती खिडकीपासून हलली नाही.

मिठाचा हंगाम ऐन भरात असताना, पौषात, जोळाने काम धरले. दर घरचा एक माणूस, दर माणसाची एक टोपली. गावकीच्या उंचवट्याची माती खणून ती बाळाजीच्या शेताच्या बाहेरच्या कडेला घालू लागले. पहिल्या दिवशी शिवदासही टोपली घेऊन आला. दिनानाथाने ती त्याच्या हातून काढून घेतली.

"घेनेकऱ्यानं काम कराचं न्हाय. बस."

"नुसता बसून काय करू?"

"मोज."

शिवदास बांधावर बसला. त्याला बसता येईना. तो उठे, दोन पावले खाली उतरे, कोणीतरी ओरडे, तो परत वर चढे. असे दीड महिना चालले. संध्याकाळी ठमी म्हणायची, "काम करून बाकीची दमली, आन् तुमी बसून."

भाऊसाहेब मध्ये एकदा ओहोटी पाहून आले. त्यांनी बांध पाहिला, हिशेब केला आणि कमळला म्हणाले, "मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागतील. चौथ्याला भात होईल. मग मला ते रकान्यात लिहावंच लागेल, बरं का. तुझी माफी जाईल."

"तोवर माझी परीक्षा होऊन गेलेली असेल, भाऊसाहेब."

"हेही तू मोजून ठेवलंस?"

"तिथी बघायची सवय आहे आम्हाला."

माघी पौर्णिमेच्या सकाळी नव्या बांधाची शेवटची तोंडे जुळायची राहिली होती. कमळ रजा काढून आली होती. उधाण चढत होते, आणि चाळीस घरांची माणसे रांगेत उभी राहून हातोहात टोपल्या पुढे देत होती. खाली उरलेल्या फटीतून पाण्याची जीभ आत येऊन परत जात होती. शेवटची टोपली दिनानाथाने स्वतः घेतली. तो खोकत खोकत खाली उतरला, ती ओतली आणि पायाने दाबली. सव्वाबाराला पाणी पुरे भरले. ते नव्या बांधाला येऊन लागले आणि तिथेच उभे राहिले. आत, सव्वीस वर्षांनी, उधाणाच्या वेळी शेत कोरडे होते.

दिनानाथाने त्या कोरड्या शेतातून मूठभर माती उचलली, वर येऊन शिवदासाचा हात उघडला आणि ती त्याच्या तळव्यावर ठेवली.

"बाळाजीचं पोचलं?"

शिवदासाने मूठ मिटली.

"पोचलं," तो म्हणाला. "सगळं पोचलं."